गोवर : उपचार व उपद्रवांची ओळख

जुन्नर तालुक्यातील ओतूर हे गाव माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे. त्याच्या पश्चिमेस मढ, खिरेश्वर या बाजूस महादेव कोळी व ठाकर समाजाच्या विखुरलेल्या वाड्या आहेत; पूर्वेकडील बागायती पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात परगावच्या मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. अशा ठिकाणी मुलास गोवर निघाला असता त्याची शुश्रूषा घरीच करावी की त्यास तातडीने रुग्णालयात न्यावे, हा निर्णय बहुधा घरातील वडीलधारी स्त्री घेते. तो निर्णय कोणत्या लक्षणांवरून घ्यावा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

गोवर हा विषाणुजन्य रोग असून तो हवेतून पसरतो. संसर्ग झाल्यापासून सुमारे १० ते १२ दिवसांनी ताप, खोकला, नाक वाहणे व डोळे लाल होणे ही लक्षणे दिसू लागतात. गालांच्या आतील बाजूस दाढांसमोर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आढळतात; हेन्री कॉप्लिक यांनी १८९६ मध्ये त्यांचे निदानातील महत्त्व दाखवून दिले. त्यानंतर पुरळ कानामागून व कपाळावरून निघून तीन दिवसांत पायांपर्यंत उतरते. सावळ्या त्वचेवर त्याची लाली चटकन दिसत नाही. अशा वेळी हात फिरवून पाहिल्यास त्वचेचा खरखरीतपणा जाणवतो. पुरळ निघण्यापूर्वी चार दिवस व नंतर चार दिवस रोगी इतरांस संसर्ग देऊ शकतो.

पुरळ पूर्ण ‘बाहेर पडले’ म्हणजे रोग निघून गेला, अशी समजूत ग्रामीण भागात रूढ आहे. तीपायी घरात फोडणी वर्ज्य केली जाते, कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवला जातो आणि पुष्कळदा औषधही टाळले जाते. या आचारांतील विश्रांती व एकांत हितकारकच आहेत. परंतु आहार तोडणे घातक ठरते. शिवाय पुरळाकडेच सारे लक्ष लागल्याने मुख्य गोष्ट नजरेआड होते. गोवराने होणारे बहुतेक मृत्यू पुरळामुळे नव्हे, तर उपद्रवांमुळे होतात.

याचे कारण विषाणूच्या कार्यपद्धतीत आहे. तो श्वसनमार्ग, आतडी व डोळे यांची आवरणे दुबळी करतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती कित्येक आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ, खालावून ठेवतो. क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ मध्येच असे नोंदविले होते की, क्षयाच्या त्वचा-चाचणीस पूर्वी प्रतिसाद देणारी मुले गोवराच्या काळात तो देईनाशी होतात. यास्तव अन्य जंतूंना या काळात मोकळे रान मिळते.

सामान्य गोवरात पुरळ निघाल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरू लागतो. चौथ्या दिवसानंतरही तो टिकून राहिला, अथवा उतरून पुन्हा चढला, तर उपद्रव झाला असे समजून तपासणी करावी. फुप्फुसदाह हा त्यांपैकी सर्वांत मारक होय. मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत; दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे वयात ४० किंवा अधिक श्वास हे त्याचे चिन्ह आहे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, किंवा स्वस्थ असतानाही घशातून घरघर येणे, ही गंभीर अवस्था होय. कान फुटणे, अतिसार व तोंडातील व्रण हेही वारंवार आढळतात. बुबुळ धुरकट दिसणे ही अंधत्वाची पूर्वसूचना असते. झटके, गुंगी, दूध वा पाणी पिता न येणे, अथवा सर्व काही ओकून टाकणे, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास पुरळाचा दिवस न मोजता मुलास तत्काळ रुग्णालयात हलवावे. मेंदूदाह हजारांत सुमारे एका रुग्णास होतो.

विषाणूवर प्रत्यक्ष मारा करणारे प्रस्थापित औषध नाही. उपचाराचा मुख्य आधार ‘अ’ जीवनसत्त्व व पोषण हा आहे. सहा महिन्यांखालील बालकास ५०,०००, सहा ते अकरा महिन्यांच्या बालकास १,००,००० व त्यापुढील मुलास २,००,००० एकक अशी मात्रा लागोपाठ दोन दिवस द्यावी. नेत्रविकाराची चिन्हे असल्यास चार ते सहा आठवड्यांनी तिसरी मात्रा द्यावी. या मात्रा आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखालीच द्याव्यात. स्तनपान चालू ठेवावे. भाताची पेज, वरण, मऊ खिचडी थोडी थोडी पण वारंवार द्यावी. अतिसारात जलसंजीवनी, तापास पॅरासिटामॉल योग्य. ॲस्पिरिन मुलांस देऊ नये. प्रतिजैविके केवळ फुप्फुसदाह वा कर्णपाकासारखा जंतुसंसर्ग असल्यासच वापरावीत.

प्रतिबंध मात्र या सर्वांहून सोपा आहे. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस १९८५ पासून समाविष्ट असून, आज गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ ते १२ व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात दिली जाते. तथापि २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे साथ पसरली आणि लहान मुले दगावली. लस उपलब्ध असणे व ती प्रत्येक मुलापर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोपीबरोबर गाव बदलणारे मूल ज्या गावी दुसऱ्या मात्रेस पात्र होते, त्या गावच्या नोंदवहीत त्याचे नाव नसते. म्हणून हंगामाच्या आरंभी अशा मुलांची यादी करणे आणि गोवर निघालेल्या घरी चौथ्या दिवशी आरोग्य सेविकेने पुन्हा फेरी मारणे, ही दोन कामे ओतूरसारख्या परिसरात सर्वाधिक फलदायी ठरतील.