खेळाडूचा गौरव कशासाठी?

विजयी खेळाडूच्या गळ्यात हार घालणे सोपे असते. त्याचा विजय सर्वांनी पाहिलेला असतो व त्याचे गुण मोजता येतात. परंतु त्याने नाकारलेल्या पैशाची नोंद कोणत्याही गुणफलकावर होत नाही. म्हणूनच सत्कार करताना आपण नेमके काय गौरवितो, याचा विचार आधी व्हावयास हवा.

हैदराबादचे बॅडमिंटनपटू पुल्लेला गोपीचंद यांचे उदाहरण घ्या. १९९४ साली पुण्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत त्यांचा गुडघा गंभीररीत्या दुखावला. शस्त्रक्रिया व दीर्घ परिश्रम यांनंतर ते पुन्हा उभे राहिले आणि २००१ साली त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. त्यापूर्वी हा मान १९८० साली प्रकाश पडुकोण या एकाच भारतीयाने मिळविला होता. या विजयानंतर एका शीतपेयाच्या जाहिरातीसाठी त्यांना विचारणा झाली. त्यांनी नकार दिला. जे पेय आपण स्वतः घेत नाही, ते घ्या म्हणून मुलांना सांगणे त्यांना प्रशस्त वाटेना.

पैसा मिळविणे हा खेळाडूचा अपराध मुळीच नाही. खेळाचे वय थोडे, दुखापतीचे भय मोठे आणि संसार तर सर्वांनाच आहे. प्रश्न एवढाच, की पैसा व सचोटी समोरासमोर आली असता वाट कोणाला द्यावयाची?

गोपीचंद नकारापाशी थांबले नाहीत. नव्या खेळाडूंना शिकविण्यासाठी गच्चीबावली येथे सरकारकडून जागा मिळाली, पण बांधकामाला पैसा पुरेना. तेव्हा त्यांनी आपले घर गहाण ठेवले. दानशूरांचाही हातभार लागला आणि २००८ साली अकादमी सुरू झाली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सायना नेहवाल यांनी २०१२ साली लंडन येथे कांस्यपदक, तर पी. व्ही. सिंधू यांनी २०१६ साली रिओ येथे रौप्यपदक मिळविले.

घर गहाण टाकून खेळाडू उभा करण्याची ही गोष्ट मराठी माणसाला अपरिचित नाही. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाता यावे, म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. परंतु अर्जुन पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला, तो १९८४ साली त्यांचे निधन झाल्यानंतर कित्येक वर्षांनी!

गोपीचंदांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो स्वतःच्या खेळाबद्दल; २००९ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो इतरांना घडविल्याबद्दल. गावोगावच्या सत्कार-समित्यांनी व शाळांनीही हा भेद ध्यानी घ्यावा. मुले आपल्या उपदेशापेक्षा आपण कोणाला मान देतो हे अधिक बारकाईने पाहतात. पदकांची यादी त्यांना जरूर वाचून दाखवावी. मात्र त्या खेळाडूने काय नाकारले व इतरांसाठी काय उभारले, हेही त्याच व्यासपीठावरून सांगावे. आणि खाशाबांची आठवण ठेवून, तो माणूस हयात असतानाच सांगावे.