नंदू भेंडे आणि मुंबईचे रॉकयुग

रॉक म्हणजे विद्युत गिटार, बास आणि ड्रम यांच्या ठाशीव तालावर उभे राहिलेले पाश्चात्त्य संगीत. मुंबईत 1970 च्या आसपास ते महाविद्यालयीन स्पर्धांतून आणि कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’सारख्या क्लबांतून रुजले. याच छोट्या क्लबात 1972 मध्ये ‘लेड झेपेलिन’ या ख्यातनाम ब्रिटिश वाद्यवृंदाचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट वाजवून-गाऊन गेले, ही त्या काळाची सर्वांत रंगतदार आठवण मानावी लागेल.

या बहुतांशी इंग्रजीभाषक वर्तुळात आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यकर्मी दांपत्याचे पुत्र नंदू भेंडे ‘सॅव्हेज एन्काउंटर’ आणि ‘वेल्व्हेट फॉग’ या वृंदांचे गायक म्हणून पुढे आले. दिग्दर्शक अलेक पदमसी यांनी सादर केलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक-संगीतिकेत, म्हणजे ज्यात कथानक प्रामुख्याने गाण्यांतूनच उलगडते अशा नाट्यप्रकारात, त्यांनी ज्यूडासची भूमिका केली. मात्र त्यांचे खरे वेगळेपण 1978 च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त दिसले; जर्मन नाटककार ब्रेश्टच्या नाटकाच्या पु. ल. देशपांडेकृत या रूपांतरात, जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली, रॉकचा बाज मराठी शब्दांना उपरा वाटला नाही. पुढे ‘डिस्को डान्सर’ (1982) या चित्रपटासाठीही ते गायले.

एप्रिल 2014 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यापूर्वीच धोबीतलावचे रंगभवन हे रॉकप्रेमींचे खुले नाट्यगृह, रुग्णालये व महाविद्यालयांभोवतीच्या शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे, रॉकच्या मैफलींना पारखे झाले होते.