गाडीच्या रेडिएटरचा पंखा बंद पडल्यास काय करावे?

एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीकडील काही आंबा बागायतदार स्वतःच्याच गाडीतून हापूसच्या पेट्या आंबा घाटाने कोल्हापूरला नेतात. साखरपा मागे पडले की चढ सुरू होतो. ऊन कडक, गाडीत भार आणि गिअर दुसरा. अशा वेळी रेडिएटरचा पंखा बंद पडला तर इंजिन थोड्याच वेळात तापते. तसेच दामटत गाडी वर नेली तर हेड गॅस्केट जाते, ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि इंजिन खोलण्याची वेळ येते. बिघाड मात्र पुष्कळदा एका फ्यूजचा किंवा एका वायरचा असतो.

ट्रॅक्टर व जुन्या जीपगाड्यांचा पंखा इंजिनवरच्या पट्ट्याने फिरतो. तेथे पट्टा तुटला आहे किंवा सैल झाला आहे का, एवढे पाहिले तरी बहुधा उलगडा होतो. आजच्या बहुतेक मोटारगाड्यांत पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर असते. पाणी साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की पंखा आपोआप सुरू होतो आणि निवले की थांबतो. या लेखात अशाच पंख्याचा विचार केला आहे.

बिघाड कसा ओळखावा

मोकळ्या रस्त्यावर ५०-६० किलोमीटर वेगाने जाताना समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. पंख्याची खरी गरज घाटात, बाजारपेठेच्या गर्दीत आणि गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवल्यास लागते. म्हणून गाडी थांबली की काटा चढतो आणि पळू लागली की उतरतो, असे दिसल्यास पंख्याचा संशय घ्यावा. सपाट रस्त्यावर वेगातही काटा चढत असेल तर पंख्यामागे लागू नये. पाणी कमी आहे का, रेडिएटर चोंदला आहे का, थर्मोस्टॅट अडकला आहे का, हे आधी पाहावे.

वाटेत काय करावे

काटा वर सरकू लागताच एसी बंद करावा. गाडीत हीटर असेल तर काचा उघडून तो पूर्ण गरमवर लावावा. मे महिन्यात हे विचित्र वाटेल, पण हीटर म्हणजे एक लहान रेडिएटरच असतो व तो इंजिनची काही उष्णता बाहेर काढतो. तरीही काटा लाल खुणेकडे जात असेल किंवा वाफ दिसली तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद करावे.

रेडिएटरचे टोपण मात्र उघडू नये. टोपणामुळे आत सुमारे एक बार दाब राहतो आणि त्या दाबाखाली साधे पाणीही जवळजवळ १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपण सैल होताच तेच पाणी उसळून तोंडावर, हातावर येते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे आणि नंतर जाड फडके धरून टोपण हळूहळू फिरवावे. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नये, त्याने हेडला तडा जातो. पाणी कमी झाले असेल तर इंजिन निवल्यावर भरावे. अडचणीच्या वेळी साधे पाणी चालते. पण बोअरच्या जड पाण्याचे क्षार आत बसतात, म्हणून घरी पोचल्यावर ते काढून योग्य कूलंट भरून घ्यावे.

दोष शोधताना

पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून चावी काढल्याशिवाय पात्यांजवळ हात नेऊ नये. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा फिरतो. तेथे बॅटरीची तार सोडवूनच हात घालावा.

प्रथम पंख्याचा फ्यूज पाहावा. जळाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा दुसरा बसवावा. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी घालण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि तीच वायरिंग पेटवते. नवा फ्यूजही लगेच जळाला तर मोटर अडकली आहे किंवा वायर कोठेतरी उघडी पडली आहे, असे समजावे. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात, तर किनाऱ्याकडे खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात. दोन्ही गोष्टी डोळ्यांनी दिसतात.

फ्यूज चांगला असेल तर इंजिन चालू करून एसी लावून पाहावा. बऱ्याच गाड्यांत एसीबरोबर पंखाही फिरतो. तसा फिरला तर मोटर ठीक आहे. दोष तापमान ओळखणाऱ्या स्विचमध्ये किंवा सेन्सरमध्ये असण्याचा संभव जास्त. फिरला नाही तर रिले बदलून पाहावा. हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असल्यास तोच तात्पुरता लावता येतो.

शेवटी मोटरचा प्लग काढून तिला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्यावेत. पंखा दहा-वीस अँपिअर वीज ओढतो. म्हणून वायर जाड हवी व तीत फ्यूज हवा. घरगुती दिव्याची बारीक वायर वापरू नये. मोटर फिरली नाही, पण लाकडी मुठीने हलकेच ठोकल्यावर फिरली, तर तिचे कार्बन ब्रश झिजले आहेत. अशी मोटर गाव गाठून देईल, हंगाम काढणार नाही.

काही गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढून टाकतात. इंजिन मग सतत थंड चालते व इंधन जास्त खाते. पंख्याचा दोष आहे तेथेच राहतो. पंखा ‘डायरेक्ट’ करून डॅशबोर्डवर बटण बसवणे वाटेतल्या अडचणीपुरते ठीक आहे, परंतु बटण दाबायचे विसरले की इंजिन पुन्हा तापते.

मोटर बदलल्यावर दोन्ही वायरी उलट तर जोडल्या नाहीत ना, हे पाहावे. बहुतेक गाड्यांत पंखा रेडिएटरच्या मागे असतो व हवा आत ओढतो. पंखा फिरत असताना समोरच्या जाळीवर कागद धरावा. तो जाळीला चिकटला पाहिजे. बाहेर ढकलला गेला तर वायरी बदलून घ्याव्यात.