भाषेने काय करू देऊ नये?

नवी प्रोग्रामिंग भाषा आली की तिच्या सोयींची चर्चा आधी होते. तिच्यात काय काय करता येते, किती कमी ओळींत करता येते, हेच सगळे विचारतात. माझ्या मते भाषा निवडणाऱ्याने, आणि घडवणाऱ्याने तर नक्कीच, उलटा प्रश्न आधी विचारायला हवा: ही भाषा काय करू देत नाही? जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्प भाषेचे काम सुरू केले. तेव्हापासूनचा फंक्शनल प्रोग्रामिंगचा प्रवास पाहिला, तर त्यातल्या सर्वांत टिकाऊ कल्पना कुठल्या ना कुठल्या बंधनातून आलेल्या दिसतात. बंधन घातले की कोड लिहिणाऱ्याचे स्वातंत्र्य थोडे कमी होते, पण वाचणाऱ्याला खात्रीने सांगता येण्याजोग्या गोष्टी वाढतात. आणि कोड एकदा लिहिला जातो, तर वाचला वर्षानुवर्षे जातो.

पहिले बंधन व्हेरिएबलवरचे. बीजगणित शिकलेल्या मुलाला ‘क्ष = क्ष + १’ हे समीकरण अशक्य वाटते, पण बहुतेक भाषांत ती रोजची आज्ञा आहे. फोरट्रान घडवणाऱ्या आयबीएमच्या गटाचे प्रमुख जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्यूरिंग पुरस्कार व्याख्यानात याच सवयीवर टीका केली. मेमरीतला एकेक शब्द उचलायचा, बदलायचा आणि परत ठेवायचा, या यंत्राच्या चालीने प्रोग्रामरच्या विचारालाही जखडून टाकले आहे, असा त्यांचा मुद्दा होता. याची झळ वाचणाऱ्याला बसते. एका फंक्शनला लिस्ट दिली आणि त्याने ती जागच्या जागी क्रमवार लावली, तर तीच लिस्ट वापरणारा दुसरीकडचा कोड नकळत बिघडतो. अशी चूक शोधताना एका ओळीचा अर्थ लावण्यासाठी आधी काय काय घडले ते सगळे डोक्यात ठेवावे लागते. १९९० मध्ये जिचा पहिला अहवाल आला त्या हॅस्केलमध्ये नावाला एकदा दिलेली किंमत बदलत नाही आणि त्याच इनपुटला फंक्शन तेच उत्तर देते. त्यामुळे फंक्शन एकटे समोर घेऊन तपासता येते.

बंधनातून ज्ञान कसे मिळते, हे एका छोट्या फंक्शनवर जवळून पाहता येते. समजा, आतला कोड झाकलेला आहे आणि फक्त टाइप दिसतो आहे: कोणत्याही एका टाइपच्या घटकांची लिस्ट घेणार, त्याच टाइपच्या घटकांची लिस्ट परत देणार. हे फंक्शन काय काय करू शकेल? घटक आकडे आहेत, नावे आहेत की चित्रे, हे त्याला ठाऊक नाही. म्हणून ते घटकांची तुलना करू शकत नाही, बेरीज करू शकत नाही, नवा घटकही बनवू शकत नाही. क्रम बदलणे, काही गाळणे, काही पुन्हा घेणे, एवढेच त्याच्या हातात उरते. उत्तरातला प्रत्येक घटक इनपुटमधूनच आलेला असणार. आणखी एक गोष्ट ठरून जाते. आकड्यांची लिस्ट आधी दुप्पट करून फंक्शनला द्या, किंवा फंक्शनमधून काढून मग दुप्पट करा, उत्तर तेच येते. फंक्शन कधी संपलेच नाही किंवा मध्येच कोसळले, तर गोष्ट वेगळी. जॉन रेनॉल्ड्स यांच्या सिद्धांताच्या आधारे फिलिप वॅडलर यांनी १९८९ मध्ये दाखवले, की असे नियम नुसत्या टाइपवरून, कोड न वाचता काढता येतात. जावामध्ये असाच टाइप लिहिता येतो, पण तिथे फंक्शन घटकाचा खरा टाइप विचारू शकते, मूळ लिस्ट बदलू शकते, फाइलमध्ये लिहू शकते. म्हणून तिथे त्या टाइपवरून कळते फारच थोडे.

एमएल भाषेचा तर जन्मच अशा बंधनासाठी झाला. एडिंबरा विद्यापीठात १९७० च्या दशकात रॉबिन मिल्नर आणि त्यांचे सहकारी गणिती सिद्धता तपासणारी एलसीएफ ही प्रणाली बांधत होते. सिद्धता शोधण्यासाठी वापरणाऱ्याला हवा तो प्रोग्राम लिहिता यावा, पण खोटे प्रमेय कधीही तयार होऊ नये, अशी दुहेरी गरज होती. त्यांनी प्रमेयाचा एक वेगळा टाइप केला आणि त्या टाइपची किंमत केवळ तर्काच्या ठरलेल्या नियमांतूनच बनेल अशी तजवीज केली. वापरणाऱ्याचा प्रोग्राम कितीही चुकला तरी फार तर प्रमेय हाती लागणार नाही, खोटे प्रमेय मात्र बनणार नाही. बाकी सगळी मोकळीक या एका बंधनाच्या भरवशावर देता आली.

बंधन न घातल्याचा भुर्दंड किती मोठा असतो, हे टोनी होअर यांनी स्वतः सांगितले आहे. १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेचे काम करताना त्यांनी ‘नल’ हा रिकामा संदर्भ भाषेत घेतला, कारण तो अमलात आणणे अगदी सोपे होते. २००९ मध्ये त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. एमएल आणि हॅस्केल यांच्या वळणात ‘किंमत असेल किंवा नसेल’ हे टाइपमध्येच लिहावे लागते, आणि ‘नसेल’ ही शक्यता हाताळल्याशिवाय आतली किंमत हाती येत नाही. स्विफ्ट, रस्ट आणि कॉटलिन या अलीकडच्या भाषांनी हाच धडा आपापल्या परीने उचलला.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला वेगाचा: काही बदलायचेच नाही, तर प्रत्येक वेळी सगळ्याची नक्कल करावी लागेल. तसे होत नाही. दहा लाख नोंदींच्या संतुलित झाडात एक नोंद बदलायची तर मुळापासून तिथवरच्या वाटेवरचे साधारण २० नोड नवे करावे लागतात, बाकी झाड जुन्या आणि नव्या आवृत्तीत सामाईक राहते. खर्च आहे, आणि काही कामांत तो परवडत नाही, हे मान्य. दुसरा आक्षेप असा, की बाहेरच्या जगाशी बोलल्याशिवाय प्रोग्राम निरुपयोगी आहे. हे खरेच आहे, आणि सुरुवातीच्या हॅस्केलमध्ये इनपुट-आउटपुट अवघडच होते. पण एउजेनिओ मोज्जी यांच्या मोनाडच्या कल्पनेवरून वॅडलर आणि सायमन पेटन जोन्स यांनी जो मार्ग काढला, त्यात बाहेरच्या जगाला हात लावणारे काम टाइपवरूनच ओळखू येते. तिसरा आक्षेप शिकण्याच्या कष्टाचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. कम्पायलर पुन्हा पुन्हा अडवतो, तेव्हा नवशिक्याचा धीर सुटतो. शिवाय प्रत्येक बंधन चांगलेच असते असेही नाही. ज्याच्या मोबदल्यात वाचणाऱ्याला काहीच खात्री मिळत नाही, ते बंधन नुसता जाच आहे.

म्हणून बंधनाची कसोटी एकच ठेवावी: ते पाळल्याने न वाचलेल्या कोडबद्दल मला काय ठामपणे सांगता येते? २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा आले आणि फंक्शनल शैलीची लेखनपद्धत लाखो प्रोग्रामरांपर्यंत पोचली. ते चांगलेच झाले, पण लेखनपद्धत हा या परंपरेचा वरवरचा भाग आहे. तुम्ही पायथन किंवा जावा वापरत असाल, तरी पुढचे फंक्शन लिहिताना त्याने आपल्याला मिळालेली लिस्ट बदलू नये, उत्तर फक्त इनपुटवरून काढावे, एवढी दोन बंधने स्वतःवर घालून पाहा. तिथे ती कम्पायलर पाळून घेणार नाही, तुम्हालाच पाळावी लागतील, आणि भाषेने ती पाळून घेतली तर किती ओझे उतरेल, हेही तेव्हाच कळेल.