लोरची मुलगी : मुंबईत बोललेली फारसी

श्रोतेहो, दौंडच्या लोकांना रात्री आगगाडीच्या शिट्टीचे काही वाटत नाही. पण या गाड्यांनी मुंबईत एका माणसाची झोप उडवली होती. ते म्हणजे अर्देशीर इराणी. जन्म आपल्या पुण्याचा, १८८६ सालचा. त्यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीच्या स्टुडिओजवळून रूळ जात. मूकपटाला त्याची फिकीर नव्हती. परंतु १९३१ साली त्यांनी 'आलमआरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट काढायला घेतला, तेव्हा गाड्यांचा खडखडाट संवादांत घुसू लागला. मग काय, रात्री गाड्या थांबल्या की चित्रण करायचे!

हे बहुतेकांना ठाऊक असते. आज मला सांगायचे आहे ते त्यानंतर दोन वर्षांनी घडले. फारसी भाषेतला पहिला बोलपट 'दुख्तर-ए-लोर', म्हणजे लोरची मुलगी, याच इंपीरियल कंपनीने मुंबईत तयार केला. इराणात तेव्हा आवाज मुद्रित करणारा स्टुडिओच नव्हता.

कथा लिहिली अब्दुलहुसेन सेपंता या तरुणाने. इराणची प्राचीन संस्कृती अभ्यासायला तो मुंबईला आला होता. तिथे दीनशा इराणी या पारशी विद्वानाकडे त्याचे अध्ययन चाले. नायक जाफर तोच झाला. नायिका गुलनार हिला लहानपणी दरोडेखोरांनी पळवलेले असते आणि एका कहवाखान्यात ती नाचून पोट भरते. गुलनार म्हणजे डाळिंबाचे फूल. शिरूरकडच्या बागाईतदारांना हे नाव मुद्दाम सांगतो. शहर, बाजार, जमीन, दरवाजा हे आपले रोजचे शब्दही तिकडूनच आलेले, तेव्हा ही फारसी अगदीच परकी नव्हे.

पण गुलनारचे काम करायचे कोणी? पडद्यावर यायला इराणी बाई मिळेना. शेवटी स्टुडिओतल्याच एका नोकराची बायको तयार झाली. रुहंगीज सामीनेजाद तिचे नाव. वय असेल सोळा-सतरा. अडचण एकच : तिची बोली तेहरानची नव्हे, केरमानकडची, चांगली ठसठशीत. मूकपटात हे कोणाला कळले असते? सेपंताने मुलगी बदलली नाही, तिच्या बोलीला जुळेल अशी कथाच फिरवून घेतली. मला स्वतःला या चित्रपटातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

शिक्षकमित्रांनो, माझ्या वर्गातली शिरूर तालुक्याची एक मुलगी स्नेहसंमेलनाच्या नाटकात 'व्हतं' म्हणाली, आणि सगळे हसले. तिने काम सोडले. मी तिथेच बसलो होतो आणि मीही काही बोललो नाही. सेपंताचे हे मी पुढे वाचले.

१९३३ साली चित्रपट तेहरानला लागला आणि लोकांनी तो उचलून धरला. आपली भाषा पडद्यावरून ऐकायची ही पहिलीच वेळ! कथेतले प्रेमी दरोडेखोरांपासून सुटून मुंबईलाच येतात आणि इराणात नवी राजवट आल्याचे कळल्यावर परत जातात. हा शेवट मला सरकारी जाहिरातीसारखा वाटतो, पण ते असो.

रुहंगीजच्या वाट्याला मात्र कौतुकापेक्षा शिव्याच जास्त आल्या. बाई पडद्यावर नाचली, बोलली, म्हणून घरच्यांनी आणि परक्यांनी तिला छळले. तिने आणखी एका चित्रपटात काम केले आणि मग सगळेच सोडले. सेपंताने पुढेही हिंदुस्थानातच फारसी बोलपट काढले; पण मायदेशी परतल्यावर त्याला कोणी आश्रय दिला नाही. इराणच्या भूमीवर पहिला फारसी बोलपट व्हायला १९४८ साल उजाडावे लागले.

सेपंता आणि अर्देशीर इराणी दोघेही १९६९ साली गेले. 'आलमआरा'ची प्रत आज कुठेच सापडत नाही. 'दुख्तर-ए-लोर' मात्र राहिला आहे. रुहंगीज १९९७ साली तेहरानमध्ये वारली, कोणाच्या फारशा लक्षात न येता. चित्रपट लावला, की तिची केरमानी बोली अजून ऐकू येते.