वैद्यकाचा विद्यार्थी आणि त्याचा सांभाळ

आपल्या भागातील एखाद्या मुलाची वा मुलीची वैद्यकीय महाविद्यालयासाठी निवड झाली की घरात प्रथम विचार होतो तो शुल्काचा, पुस्तकांचा व वसतिगृहाचा. हा विचार रास्तच आहे. परंतु साडेचार वर्षांचा अभ्यास व त्यावर एका वर्षाची रुग्णालयातील उमेदवारी, एवढ्या दीर्घ काळात त्या विद्यार्थ्याचे शरीर व मन कोण सांभाळणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हट्ट्याहून गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय काही फार दूर नाही. ते २०१६ साली निघाले. नागपूरचे त्याहून बरेच जुने, १९४७ सालचे. पण अंतर थोडे असो वा फार, घर सुटते ते सुटतेच. म्हणून अशा महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी कोणत्या सोयी असतात व त्या कशा चालतात, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न आपल्या समाजापुढे फार पूर्वी उभा राहिला, तो आनंदीबाई जोशी ह्यांच्या रूपाने. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. त्यांस जो आधार मिळाला तो माणसांच्या जिव्हाळ्याचा होता. रोझेल येथील कार्पेंटरबाईंनी त्यांस घरच्या मुलीप्रमाणे जवळ केले. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली ह्यांनीही त्यांची काळजी वाहिली. तरी थंडी, परका आहार व अखंड श्रम ह्यांमुळे प्रकृती ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यास त्यांचा अंत झाला. क्षयावर त्या काळी औषध नव्हते, हे खरे. तथापि, आजारी असताना अभ्यास रेटीत नेण्याचे आपण जे केवळ गुणगान करतो, ते आम्हांस तितकेसे पटत नाही. वैद्य होऊ पाहणाऱ्याने तरी आपले दुखणे लपवू नये.

आपल्या विदर्भात ह्या बाबतीत सेवाग्रामचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. डॉ. सुशीला नायर ह्यांनी १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापिली. येथे नव्या विद्यार्थ्यांस एकदम शवविच्छेदनाच्या दालनात नेऊन उभे करीत नाहीत. ते प्रथम पंधरवडाभर गांधीजींच्या आश्रमात राहतात. प्रार्थना, सूतकताई, श्रमदान व जेवण सर्व एकत्र. पुढे एका खेड्यात शिबिरही असते. ह्यामागील मुख्य हेतू सेवावृत्तीचा आहे, प्रकृतीचा नव्हे. परंतु आम्हांस त्याचा दुसराच लाभ अधिक मोलाचा वाटतो. अभ्यासाचे ओझे पाठीवर येण्यापूर्वीच निरनिराळ्या प्रांतांतून आलेली मुले परस्परांस नावाने ओळखू लागतात. आजारी पडल्यावर खोलीवर ताट कोण आणून देणार, हे त्या पंधरा दिवसांतच ठरून जाते.

२०१९ पासून सर्व देशातील वैद्यकीय महाविद्यालयांत आरंभी एक पायाभूत अभ्यासक्रम ठेवण्यात आला आहे. प्रथम तो महिनाभराचा होता, पुढे त्याचा काळ कमी करण्यात आला. त्यात खेळ, भाषा, संगणक, वेळेचे नियोजन इत्यादी गोष्टी येतात. ह्यांपैकी भाषेचे साहाय्य आमच्या मुलांस विशेष उपयोगी आहे. मराठी वा हिंदी माध्यमातून आलेला हुशार विद्यार्थी इंग्रजी व्याख्यानात मागे पडतो आणि आपली बुद्धीच मंद झाली अशी समजूत करून घेतो. मध्य प्रदेश शासनाने १६ ऑक्टोबर २०२२ रोजी पहिल्या वर्षाची काही पुस्तके हिंदीत प्रसिद्ध केली, त्यामागे हीच अडचण होती. ह्याखेरीज काही थोड्या विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक शिक्षक नेमण्याची पद्धत आहे. रॅगिंगवर तर कायद्याने बंदी आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्यासाठी २०२१ साली स्वतंत्र नियम केले. १८००-१८०-५५२२ ह्या क्रमांकावर तक्रार करता येते.

इतके असूनही दुखणे सरलेले नाही. ह्याच आयोगाने नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पाहणीत पंचवीस हजारांहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली, आणि त्यांतील २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपणांस मानसिक आजार असल्याचे सांगितले. म्हणजे चौघांमागे एकाहून अधिक. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम देऊ नये, एक दिवस सुटी द्यावी व रोज सात-आठ तासांची झोप मिळावी, अशी सूचना कृतिदलाने केली. झोपेसाठी शिफारस करावी लागते, ह्यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी!

मग सोय असूनही विद्यार्थी तिकडे का वळत नाहीत? येथे वैद्यकीय महाविद्यालयाची एक खास अडचण आहे, आणि ती घरच्या मंडळींच्या ध्यानात येत नाही. इतर महाविद्यालयातील विद्यार्थी आजारी पडला तर तो तिऱ्हाईत डॉक्टरकडे जातो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याचा डॉक्टर मात्र पुष्कळदा त्याचाच शिक्षक असतो, आणि तोच उद्या तोंडी परीक्षेस समोर बसणार असतो. बाहेरच्या खोलीत रांगेला बसावे तर शेजारून वर्गमित्र जातो. आपले नाव षट्कर्णी होईल ह्या भीतीने विद्यार्थी गप्प राहतो. ह्यास उपाय म्हणजे उपचार करणारा व परीक्षा घेणारा ही दोन माणसे वेगळी ठेवणे, आणि समुपदेशकाची नोंदवही अभ्यासाच्या नोंदींत कधीही न मिसळणे. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने रुग्णास गुप्ततेचा हक्कच दिला आहे. जीवितास धोका असेल अशा काही प्रसंगांपुरता मात्र त्यास अपवाद आहे. प्रवेशाच्या वेळी पालकांनी भोजनगृहाची चौकशी करावी तशीच ह्याचीही करावी: समुपदेशक कोण, तो परीक्षक तर नाही ना, आणि त्याची खोली कोठे आहे?

घरच्यांचाही ह्यात वाटा आहे. 'किती गुण मिळाले?' एवढेच विचारणाऱ्या पत्रास वा दूरध्वनीस उत्तर गुणांचेच येणार. शाळेत पहिला येणारा मुलगा तेथे सर्वच पहिल्या आलेल्यांत जाऊन बसतो; त्यांतील कोणाला तरी शेवटचा क्रमांक मिळणारच. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, असे कळले तर त्यास आळस म्हणू नये, तज्ज्ञास दाखवावे.

महाविद्यालयाच्या आवारात बोलण्याचा संकोचच वाटत असेल, तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ही सेवा सुरू केली. ती विनामूल्य असून रात्रंदिवस चालते, आणि तेथे मराठीत किंवा हिंदीत बोलता येते.