ट्रिटियम-अंकित पिरिमिडिने

पिरिमिडीन हे चार कार्बन व दोन नायट्रोजन अणूंचे वलय. युरॅसिल, थायमिन आणि सायटोसिन ही त्याचीच रूपे. थायमिनाला शर्करा जोडून बनणारे थायमिडीन पेशीत शिरले की मुख्यतः डीएनएत जाते, म्हणून त्यातील हायड्रोजनच्या जागी त्याचेच किरणोत्सारी समस्थानिक ट्रिटियम बसवल्यास नव्या डीएनएचा माग लागतो. 1957 मध्ये टेलर, वुड्स आणि ह्यूज यांनी बाकल्याच्या मुळांत याच मार्गाने गुणसूत्रांचे द्विगुणन दाखवले. महाराष्ट्रात तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि 1989 मध्ये स्थापन झालेली, वाशीतून काम करणारी ‘ब्रिट’ ही संस्था अंकित संयुगांच्या क्षेत्रातील प्रमुख केंद्रे आहेत.

ट्रिटियमचे अर्धायुष्य 12.3 वर्षे आहे. त्याचे बीटा कण इतके मंद असतात की पाण्यात ते फार तर 6 मायक्रोमीटर जातात. त्यामुळे छायाचित्रण पायसावर खूण नेमक्या पेशीकेंद्रकावरच उमटते. रेणूत ट्रिटियमचा एकच अणू असेल, तर विशिष्ट किरणोत्सारिता मिलिमोलला कमाल 28.8 क्युरी होते. थायमिडिनाच्या मिथिल गटात तीन अणू बसत असल्याने ती तिप्पट होऊ शकते.

उच्च किरणोत्सारितेसाठी सोयीची पद्धत म्हणजे हॅलोजन काढणे. 5-ब्रोमोयुरॅसिल द्रावणात घेऊन पॅलेडियमच्या सान्निध्यात ट्रिटियम वायूशी ढवळतात. ब्रोमीन सुटतो, पाचव्या कार्बनावर ट्रिटियम बसतो आणि तयार होणारे आम्ल शोषण्यासाठी अल्क घालतात. पाण्यासारख्या द्रावकातील साधा हायड्रोजन उत्प्रेरकावर ट्रिटियममध्ये मिसळून किरणोत्सारिता घटवतो, म्हणून शक्य तेथे डायॉक्झेनसारखा द्रावक वापरतात. उत्प्रेरक चुकीचा असल्यास वलयातील दुहेरी बंधही भरून डायहायड्रोयुरॅसिल बनते.

नायट्रोजन व ऑक्सिजनवरील ट्रिटियम सैल असतो. पाणी किंवा मिथेनॉल घालून पुनःपुन्हा बाष्पीभवन केल्यास तो निघून जातो. मग वर्णलेखनाने शुद्धी आणि प्रस्फुरण गणकाने मापन करतात. खुणेची जागाही महत्त्वाची. युरॅसिलयुक्त डीऑक्सियुरिडिनापासून पेशीत थायमिडीन-फॉस्फेट घडताना पाचव्या कार्बनावरचा ट्रिटियम पाण्यात सुटतो. हे पाणी मोजून ही क्रिया घडवणाऱ्या विकराचे काम कळते, पण डीएनएचा माग घेण्यास ती खूण निरुपयोगी ठरते.

किरणोत्सारिता वाढते तसे संयुग स्वतःच्याच प्रारणाने झपाट्याने मोडते. म्हणून ते विरल द्रावणात, थोडे एथेनॉल घालून 2 ते 4 अंशांवर ठेवतात. सावकाश गोठवल्यास विद्राव्य एकवटून ऱ्हास वाढतो. साठवलेल्या नमुन्याची शुद्धता वापरापूर्वी पुन्हा तपासावी लागते.